डाव्या हाताची साथ

इंग्लंडमध्ये रीडिंग गावात ऑक्सफर्ड रोडजवळ एका चर्चचा हॉल आहे. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम तिथं शनिवारी दुपारी असायची. मी पेटी वाजवते, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी पोचावं लागायचं. थंडीत पेटी गाडीतून आत आणली की तिला थोडा वेळ खोलीच्या उबेत नुसती ठेवून द्यावी लागते, नाहीतर पट्ट्या अडतात. त्या शनिवारी मी गेले तर हॉलमधल्या जुन्या पियानोचं पुढचं फळकूट काढून एक बाई आत डोकं घालून बसली होती.

"पाच मिनिटं," ती डोकं बाहेर न काढताच म्हणाली.

मी म्हटलं, घाई नाही. पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्या मध्ये ती लोकरीच्या जाड कापडाची एक पट्टी बसवत होती. बसवून झाल्यावर तिनं फळकूट जागेवर लावलं, हात पँटला पुसले आणि वाजवायला लागली. त्या पट्टीमुळे पियानोची खणखण पार गेली होती. शेजारच्या घरात कुणीतरी वाजवतंय आणि भिंतीतून झिरपून आपल्यापर्यंत येतंय, असा तो आवाज होता. डाव्या हातात चार सूर, वरून खाली उतरणारे. मी मनात त्यांना लगेच नावं देऊन टाकली: सा, कोमल नी, कोमल ध, प. पुन्हा सा. पुन्हा तेच. मी मुखड्याची वाट बघत राहिले. मुखडा काही येईना. शिवाय गंधार कुठेच लागत नव्हता, त्यामुळे हे सगळं कुठल्या रागाच्या घरातलं आहे त्याचाही पत्ता लागेना.

वाजवणं थांबवून ती माझ्या पेटीकडे आली. तिला ते वाद्य आहे हेच आधी कळलं नव्हतं. मी भाता उघडून दाखवला, तिनं एक पट्टी दाबून धरली आणि हवा संपून सूर विझेपर्यंत कान लाकडाला लावून ऐकत राहिली.

"हे श्वास घेतं," ती म्हणाली. तेवढ्यात आमची गाणारी मंडळी आली आणि ती आपला लॅपटॉप, वायरींची पिशवी उचलून निघून गेली.

पुढच्या शनिवारांत थोडं थोडं बोलणं होत गेलं. ती पोलंडची. माझ्याच वयाची असेल, म्हणजे चाळिशी उलटलेली. दिवसा एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. संगीत हे तिचं स्वतःचं. कंपनी नाही, बँड नाही. घरी रचायचं, घरीच रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं. तिचे ऐकणारे जगभर पांगलेले होते, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी जपानमध्ये. रीडिंगमध्ये जवळपास कुणी नव्हतं. मी विचारलं, या प्रकाराला म्हणतात काय? ती जरा नाखुशीनं म्हणाली, "पोस्ट-रॉक म्हणतात. रॉकची वाद्यं असतात, पण गाणं नसतं. शब्द नसतात. हळू सुरू होतं आणि चढत जातं. माझ्याकडे गिटारच्या जागी पियानो पुढे असतो, एवढंच."

एका संध्याकाळी चिवड्याचे पोहे भाजता भाजता मी तिची सगळ्यात मोठी रचना फोनवर लावली. नवरा डायनिंग टेबलवर ऑफिसचं काम करत होता. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाला, "अडकलंय वाटतं. रिफ्रेश कर."

आमची मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. ती फ्रिज उघडून उभी होती. म्हणाली, "आई, पण तो गाणं कधी स्टार्ट होणार?"

मी दोघांनाही गप्प बसवलं, पण मलाही तोच प्रश्न पडला होता. मग उजवा हात आला, गंधार घेऊन आला, कोमल गंधार. त्यानंतर लांबून गिटारचे थर, खाली एक खोल ठोका, आणि हे सगळं इतकं वाढत गेलं की पोहे करपले. नवऱ्यानं लॅपटॉप मिटला होता. चिवड्याला दुसरे पोहे घेतले.

दिवाळीचा कार्यक्रम झाला आणि तालमी संपल्या. मंडळाचा माइकचा स्टँड हॉलमध्ये राहिला होता, तो आणायला मी नोव्हेंबरात एकदा गेले. ती पियानोपुढे बसली होती आणि पियानो बंद होता. डाव्या हाताला बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. केनेट नदीच्या काठानं सायकलवर घरी येताना ओल्या पानांवरून घसरली होती. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

"जानेवारीत कार्यक्रम आहे," ती म्हणाली. गावातल्या एका जुन्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आता नाटकं, मैफली होतात, तिथल्या लोकांनी तिला रविवारची दुपार दिली होती. इतकी वर्षं इथं राहून या गावात तिचा हा पहिलाच कार्यक्रम. प्लॅस्टर तोपर्यंत निघणार नव्हतं, आणि निघालं तरी हात चालणार नव्हता.

"पुढे ढकल," मी म्हटलं.

"मी वाट बघत होते तुझी. तू पट्ट्या ओळखतेस. माझी डावी बाजू वाजवशील?"

मला हसूच आलं. तिला वाटलं मी नाही म्हणतेय. मी तिला समजावून सांगितलं, की पेटीवाल्यांचा डावा हात वाजवतच नाही. तो भाता मारतो. सगळी हुशारी, सगळ्या हरकती उजव्याच्या. डाव्यानं लहानपणापासून फक्त हवा भरलेली असते. नागपूरला शाळेत असल्यापासून मी पेटी वाजवतेय, पण माझ्या डाव्या हाताला सा कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही.

ती म्हणाली, "चारच तर सूर आहेत."

त्या चार सुरांनी माझा डिसेंबर खाल्ला.

आम्ही एकाच बाकावर शेजारी बसायचो, ती उजवीकडे, मी डावीकडे. पहिल्या दिवशी मी चलाखी केली आणि तिची डावी बाजू माझ्या उजव्या हातानं वाजवायला घेतली. दर दोन आवर्तनांनी माझं कोपर तिच्या प्लॅस्टरवर आपटायचं. ती दात आवळून पुढे वाजवत राहायची. तिसऱ्यांदा आपटल्यावर मी मुकाट उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा वर काढला. करंगळीजवळच्या बोटाला तर काही सांगितलेलं ऐकूच येत नसावं. ते शेजारच्या बोटाला धरूनच खाली यायचं, लहान मूल आईच्या ओढणीला धरून येतं तसं.

बोटं हळूहळू वळली. पण दुसरीच अडचण निघाली. ती थांबवायची आणि म्हणायची, "पुन्हा केलंस."

"काय केलं?"

"ढकललंस. प्रत्येक सूर आधी ढकलतेस, मग सोडतेस."

मला ते ऐकूच येत नव्हतं. मग तिनं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. खरंच होतं. भाता दाबताना हाताचा जो जोर येतो आणि ओसरतो, तो त्या चार सुरांत उतरला होता. पियानोला हवा लागत नाही हे मला ठाऊक होतं, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते काढायचा खूप प्रयत्न केला. काढलं की सूर मेल्यासारखे वाटायचे आणि लक्ष दुसरीकडे गेलं की भाता परत सुरू व्हायचा.

यापेक्षाही अवघड गोष्ट वेगळीच होती. नागपूरला मी ज्यांच्या गाण्याच्या क्लासमध्ये साथ करायचे त्या बाई फार कडक होत्या. "मी श्वास घेईन तिथं तुझी पेटी थांबली पाहिजे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे मी त्यांच्या बोटांकडे किंवा तोंडाकडे बघायचेच नाही, गळ्याकडे बघायचे. गळ्याच्या खालच्या खळगीत हालचाल झाली की आता श्वास येणार हे मला त्यांच्याही आधी कळायचं. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या किंचित मागे, पण त्याला एकटं पडू न देता. हे मला चांगलं जमतं. जमणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे, आणि इंग्लंडला आल्यावरही मंडळात मला त्याचमुळे मान आहे. नवी गाणारी मुलगी घाबरून अर्ध्यात सूर सोडते, तेव्हा मी तिला हळूच उचलून घेते आणि समोरच्यांना पत्ता लागत नाही.

इथं मी तेच करत होते. तिच्या उजव्या हाताकडे बघत, तो कुठे जातोय याचा अंदाज घेत, जरासं मागून जात होते. आणि तिला नेमकं तेच नको होतं.

"तू माझी वाट बघतेस," ती एका शनिवारी म्हणाली. "डावा हात उजव्याची वाट बघत नाही. त्याला उजवा काय करणार आहे हेही माहीत नसतं. तो चालत राहतो."

मी त्या दिवशी दमलेले होते. सकाळी मुलीशी भांडण झालं होतं, बाहेर पाऊस, हॉलचं हीटिंग बंद. मी चिडून म्हटलं, "मग मी कुणाच्या मागे जाऊ?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "माहीत नाही. मी तर एकटीच असते."

मग तिनं थर्मासमधला चहा मला दिला आणि ती मोठी रचना कुठे झाली ते सांगितलं. ती या गावात नवीन आली तेव्हा एका घरात खोली घेऊन राहायची. घरमालकाला आवाज चालत नसे. ती भावाकडून आणलेला कीबोर्ड पलंगावर ठेवायची, कानाला हेडफोन लावायची आणि वाजवायची. खोलीत फक्त पट्ट्यांची टकटक व्हायची. सगळा हिवाळा ती ते चार सूर वाजवत होती, कारण उजव्या हाताला काय म्हणायचंय ते तिला सुचत नव्हतं. "तेव्हा डावा थांबला असता तर मी परत गेले असते," ती म्हणाली. एवढं सांगून ती लगेच पुढच्या भागाकडे वळली. पण माझे इथले पहिले महिने मला आठवले. बोलायला नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी दुपारी भाता न उघडताच पेटीवर बोटं फिरवायचे. आवाज शेजारी जाईल ही भीती मलाही होती. तेव्हा शेजारी कोण राहतं तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दुपारी चॅपलमध्ये मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी माणसं जमली. तिच्या दवाखान्यातल्या दोघी, पोलिश चर्चमधली काही कुटुंबं, दाढीवाले पाच-सहा तरुण, ते बहुधा याच संगीतातले, आणि मागच्या रांगेत आमच्या मंडळातल्या काही बायका, कोट न काढता बसलेल्या. नवरा आणि मुलगी दुसऱ्या रांगेत होते. मी साडी नेसू का असं तिला विचारलं होतं, तर ती म्हणाली, ज्यात तुला पाय हलवता येतील ते घाल. मी काळी पँट आणि आईनं दिलेला जांभळा रेशमी कुडता घातला होता.

पहिल्या तीन छोट्या रचना व्यवस्थित गेल्या. मग मोठी रचना आली. गिटारचे थर आणि खालचा ठोका तिनं आधीच घरी वाजवून लॅपटॉपमध्ये भरून ठेवले होते. पायाशी एक बटण होतं, ते तिनं दाबलं की ते सुरू व्हायचे. सुरुवात मात्र फक्त डाव्या हाताची. म्हणजे माझी.

मी सुरू केलं. सा, नी, ध, प. ठरल्याप्रमाणे काही आवर्तनांनंतर उजवा हात येणार होता. ती जागा आली. उजवा हात आला नाही.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिचा हात मांडीवर होता. बोटं मिटलेली.

मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं. पुढच्या आवर्तनाला येईल. ती आली नाही. मला वाटलं, ती विसरली. मग वाटलं, हिला बरं नाही. सवयीनं मी तिच्या गळ्याकडे पाहिलं, श्वासाची काही खूण मिळते का बघायला. ती अगदी शांतपणे श्वास घेत होती. डोळे मिटले होते. ती ऐकत होती.

मला तिचा राग आला. दोनशे डोळे माझ्यावर आहेत असं वाटलं, एवढी माणसं तिथं नव्हतीच तरी. मी काहीतरी भर घालावी, एखादी हरकत, एखादा वरचा सूर, असं मनात येऊन गेलं. पेटीवर मी तेच केलं असतं. गाणारा अडला की आपण भरायचं, हे इतकं अंगात मुरलेलं असतं. पण डाव्या हाताला हरकती येतच नव्हत्या. त्याला तेवढेच चार सूर येत होते. म्हणून तो चालत राहिला.

आणि कधीतरी राग गेला. कुणाच्या मागे जायचं नव्हतं. कुणाला उचलून घ्यायचं नव्हतं. सूर खाली उतरत होते आणि परत वर जाऊन उभे राहत होते, आणि मी पहिल्यांदाच ते नीट ऐकले. त्यात तो भाता होता, प्रत्येक सुरात, फुगणारा आणि ओसरणारा. मी तो लपवायचं सोडून दिलं. चॅपलच्या उंच छतात ते सूर कापडातून आल्यासारखे मऊ फिरत होते. खुर्च्यांची करकर थांबली होती. कुणीतरी खोकला दाबला. मला वाटलं, गंधार आला नाही तरी चालेल आता.

तेव्हा ती आली. एकच सूर, अगदी हलका. मग दुसरा. तिनं पायानं बटण दाबलं आणि गिटारचे थर लांबून यायला लागले. मी तिची वाट बघितली नाही. ती माझ्या शेजारून चालत होती आणि आम्ही दोघी त्या चढावर वर गेलो. शेवटी सगळे आवाज थांबले तेव्हा माझा डावा हात पट्ट्यांवरच होता.

टाळ्या झाल्या. लोक येऊन तिला भेटले, एका दाढीवाल्यानं माझ्याशी हात मिळवून ती लांबलेली सुरुवात फार धाडसी होती असं सांगितलं. मी मान हलवली. सगळे पांगल्यावर मी तिला कोट घालायला मदत करत होते, प्लॅस्टरवरून बाही ओढणं सोपं नव्हतं. मी विचारलं, "काय झालं होतं तुला?"

"काही नाही."

"मग आली का नाहीस?"

ती जराशी ओशाळली. "मी ते कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. नेहमी मीच वाजवत असते ना. आज ते खोलीत होतं, माझ्या हातात नव्हतं. मला थोडं ऐकायचं होतं." मग म्हणाली, "तुला घाबरवलं का?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

"पण थांबली नाहीस."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "सुरुवात भारीच लांबवली तुम्ही." मी सांगितलं की ते ठरलेलं नव्हतं. तो गाडी चालू करता करता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आय न्यू इट. आईचा चेहरा असा होता." आणि तिनं करून दाखवलेला चेहरा इतका हुबेहूब होता, की आम्ही तिघं ट्रॅफिकच्या दिव्यापर्यंत हसत होतो.

तिचं प्लॅस्टर फेब्रुवारीत निघालं. मनगट ताठ झालं होतं, व्यायाम चालू होता. माझं काम संपलं होतं आणि ते माझ्या मनाला लागलं, हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला. शनिवारी दुपारी मी उगाच कपाटं आवरायचे. मार्चमध्ये तिचा फोन आला. म्हणाली, हात बरा झालाय, पण त्या चार सुरांत आता काहीतरी कमी पडतंय. तिनं मुद्दाम ढकलून पाहिलं, माझ्यासारखं, आणि ते खोटं वाटलं. "तर मी दुसरंच काहीतरी लिहितेय," ती म्हणाली. "दोघींसाठी. तू पेटी घेऊन ये."

तेव्हापासून आम्ही परत हॉलवर भेटतो. नव्या रचनेत मी आधी पेटीवर असते आणि मधे उठून तिच्या शेजारी बाकावर जाते. त्या उठण्यावरून आमचं जमत नाही. तिचं म्हणणं, पेटीचा सूर आपोआप विझू द्यावा आणि मी मधल्या शांततेत चालत यावं. मला ते नाटकी वाटतं. माझं म्हणणं, मी येईपर्यंत तिनं काहीतरी धरून ठेवावं. गेल्या शनिवारी यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, तुझ्या पद्धतीनं करून बघू." मी भाता सोडला, उठले. तिनं पियानोवर एकच खालचा सूर धरला आणि मी हॉल ओलांडून येईपर्यंत तो वाजत ठेवला. मी बसले. बोट तसंच ठेवून ती विचार करत राहिली.

मग म्हणाली, "पुन्हा जा. आणि या वेळी जरा हळू चालत ये."